लोरेच्या दारावरची पाटी

ट्राउडल ऐझेलेच्या कोटाच्या उजव्या खिशात कायम पिवळ्या खडूचा तुकडा असायचा. फुटपाथवरची फरशी हलताना दिसली, झाडाच्या मुळाने दगड वर उचलला, गटाराचं झाकण बोटभर खाली बसलं, की ही बाई भर रस्त्यात वाकायची आणि त्याभोवती वर्तुळ काढायची. मग घरी येऊन महापालिकेला पत्र. रस्त्याचं नाव, घर नंबर, खळगा किती बोटं खोल, आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य: 'ही बाब आपणांस आजच्या तारखेस कळवली आहे.' सगळी मेख त्या वाक्यात आहे, असं ती म्हणायची. पालिकेला खड्डा माहीत नव्हता, तर पालिका अंग काढून घेते. माहीत असून बुजवला नाही, तर सापडते.

तिचा नवरा ओटो पाथरवट. या स्टुटगार्टातले निम्मे फुटपाथ त्याने गुडघ्यांवर बसून रचलेले, आणि शेवटी गुडघेच त्याला घेऊन बसले. तो गेल्यावर त्याचे दगड सांभाळण्याचं काम हिने आपल्याकडे घेतलं. पगार नाही, नेमणूक नाही. पोरं तिला 'फुटपाथबाई' म्हणायची. ती स्वतः गंजीफ्रॉकच्या कारखान्यात पस्तीस वर्षं शिवण मारत होती आणि कायद्याचं एकही पुस्तक तिच्या घरात नव्हतं. तरीही आमच्या भागात कुणी पडलं, की लोक डॉक्टरच्या आधी हिला हाक मारायचे.

"उठू नका लगेच," ती पडलेल्या माणसाला दरडावायची. "आधी फोटो. खड्ड्याशेजारी काडेपेटी ठेवा, खोली कळली पाहिजे. दोघांची नावं आणि पत्ते लिहून घ्या. बूट फेकू नका, ते बूट कसले होते म्हणून विचारतात. आणि आजच्या आज डॉक्टर. उद्या गेलात तर म्हणतील घरी पडलात."

"अहो, पण मला तक्रार नाही करायची कुणाची," एखादा भिडस्त माणूस म्हणायचा.

"तुम्हाला नसेल करायची. तुमच्या कंबरेला दहा वर्षांनी करायची असेल, तर?"

खाटकाच्या म्हाताऱ्या आईला तिच्यामुळे भरपाई मिळाली, एका टपालवाल्याला मिळाली, आणखीही कितीतरी जणांना. घरमालकाने बर्फ काढला नाही तर कोण जबाबदार, पालिकेचा दगड निघाला तर कोण, आपण स्वतःच मान वर करून चाललो असू तर किती कापून घेतात, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. मला तिचा कधी कधी वैताग यायचा. एकतीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस मी, ऑयगेन क्नाप. मला पुढे बघून चालायची सवय. तिच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास.

आमचं घर उतारावर आहे. चार मजले, चार बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. तळमजल्यावर मी, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. माझ्या वर लोरे ब्रॉडबेक. तिच्या वर एक तरुण जोडपं, दोघंही दिवसभर कामावर. सगळ्यात वर ट्राउडल. आणि या चार दारांवरून फिरत राहणारी एक लाकडी पाटी. ज्याच्या दाराच्या मुठीला पाटी, त्याचा आठवडा. जिना पुसायचा, समोरचा फुटपाथ झाडायचा, हिवाळ्यात सकाळी सातच्या आत बर्फ ओढून बारीक खडी पसरायची. शनिवारी संध्याकाळी सगळं लख्ख झालं, की पाटी पुढच्या दारावर. भाड्याच्या करारात हे लिहिलेलं आहे, पण करार कोण वाचतो? पाटीला मात्र सगळे घाबरतात. पाटी दारावर असताना आम्ही नवरा-बायको कधी गावाला गेलो नाही.

लोरे विधवा, शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेली. आवाज मोठा, हात सढळ, भांडण करायला कायम तयार. ती आणि ट्राउडल एकाच वसंतात या घरात राहायला आल्या, एक नुकतीच लग्न झालेली आणि एक सात महिन्यांची गरोदर. ट्राउडलला मूल झालं नाही. लोरेचा व्होल्कर अर्धा तिच्याच टेबलाशी जेवून मोठा झाला. दर मंगळवारी सकाळी ट्राउडल कोपऱ्यावरच्या बेकरीतून गरम ब्रेत्झेल, ते पिळाचे खारे पाव, आणायची आणि दोघी लोरेच्या स्वयंपाकघरात बसून लोणी लावून खायच्या. चाळीस वर्षांत मोजून तीनदा हे चुकलं असेल.

शेवटच्या दोन वर्षांत लोरे विसरायला लागली. आधी शब्द, मग किल्ल्या, मग पाकीट भट्टीत ठेवून भट्टी पेटवली. हे फक्त ट्राउडलला आणि मला माहीत होतं. व्होल्कर हांबुर्गला इंजिनिअर. भला मुलगा. दर रविवारी फोन करायचा, आणि फोन यायच्या वेळी ट्राउडल लोरेच्या शेजारी चिठ्ठ्या लिहून बसायची. 'परवा डॉक्टरकडे गेले होते.' 'नातीचं नाव आनिका.' लोरे चिठ्ठी वाचून खणखणीत आवाजात बोलायची. तिकडे व्होल्करने स्वतःच्या घराजवळ वृद्धांसाठीची एक जागा बघून ठेवली होती. बागबिग होती म्हणे तिथे.

"मला या घरातून उभी कुणी नेऊ शकणार नाही," लोरे एकदा जेवताना म्हणाली. आम्ही तिघं मसूर आणि श्पेत्झ्लेच्या शेवया खात होतो. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "ट्राउडल, तिथे मला रस्ताच सापडायचा नाही गं."

ट्राउडलने तिचा हात धरला. "नाही जाऊ देणार. मी आहे तोवर नाही."

तेव्हापासून लोरेच्या दारावर पाटी आली, की ट्राउडल पहाटे सहाला मोज्यांवर जिना उतरायची, फुटपाथ करायची आणि पुन्हा वर जाऊन झोपल्याचं सोंग घ्यायची. लोरे उठून खाली यायची, खडी पसरलेली बघायची आणि आपणच पसरली असं समजून परत जायची. त्या जानेवारीपर्यंत हे नीट चाललं. त्या सोमवारी मात्र लोरे लवकर उठली होती.

मी दार उघडलं तेव्हा जिन्यात दोघींची जुंपलेली होती.

"चोर! माझा झाडू चोरतेस?"

"अगं, मी सहज. जाग आली होती म्हणून."

"सहज? माझा आठवडा आहे, पाटी माझ्या दारावर आहे! मला लुळी ठरवायचंय तुला? व्होल्करने सांगितलंय ना? कधीपासून कळवतेस त्याला?"

"लोरे, तोंडाला येईल ते बोलू नकोस."

"तूच माझ्या तोंडाला लागू नकोस. उद्या मी करणार. तू पडून राहायचं. खिडकीतूनही बघायचं नाही!"

"बरं बाई, कर," ट्राउडल म्हणाली. ती सहसा चिडत नसे, पण त्या दिवशी तिचे कान लाल झाले होते. "तूच कर. मी हात लावला तर नाव बदल माझं."

मंगळवारी सकाळी वरच्या पन्हाळीतून ठिबकलेलं पाणी गोठून फुटपाथवर काचेसारखा पातळ थर झाला होता. मी दाढी करत होतो. किंकाळी वगैरे नाही, फक्त धप्पकन आवाज आला. तोंडाला फेस तसाच ठेवून मी बाहेर धावलो. ट्राउडल उजव्या कुशीवर पडली होती आणि एक पाय भलत्याच दिशेला वळला होता. ती बेकरीकडे निघाली होती.

"किती वाजले, ऑयगेन?" ती दात आवळून म्हणाली.

"सात बावीस. हलू नकोस, मी गाडी बोलावतो."

"सात वाजून गेले म्हणजे." तिने डोळे मिटले. "लोरेला खाली येऊ देऊ नकोस."

तेवढ्यात पहिल्या मजल्याची खिडकी उघडली. लोरे झोपायच्या झग्यात होती, केस विंचरलेले. "ट्राउडल, बर्फात काय बसलीस? आणि ब्रेत्झेल कुठायत?"

रुग्णवाहिका गेल्यावर मी वर गेलो. खडीने भरलेली बादली तिच्या दारात आतल्या बाजूला होती, चपलांशेजारी. झग्याखाली तिने पायांत बर्फाचे बूट घातले होते. टेबलावर दोन बश्या, लोणी, सुऱ्या. "आत्ता खाली जातच होते," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसून वाट बघू लागली. मी बादली उचलून खाली नेली आणि स्वतःच खडी पसरली. तेव्हा मला रडू आलं, हे सांगायला मला लाज नाही.

ट्राउडलच्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत धातू बसवला. नवव्या दिवशी आजारपणाच्या विम्याकडून तिला इस्पितळात एक फॉर्म आला. अपघात झाला की सगळ्यांनाच येतो. दोन ओळी लिहायच्या आणि सही ठोकायची. पण ही ट्राउडल. उशा पाठीशी लावून ती परीक्षेला बसल्यासारखी लिहायला बसली. पायरीचं अंतर, पन्हाळीची जागा, बर्फाची जाडी. मग सातवा प्रश्न होता: त्या जागेची जबाबदारी दुसऱ्या कुणाची होती काय?

"लिही नाही म्हणून," मी म्हणालो.

"विचारलंय ना त्यांनी? विचारलं की खरं सांगायचं." आणि तिने लिहिलं: त्या आठवड्यात पाटी श्रीमती लोरे ब्रॉडबेक, पहिला मजला, यांच्या दारावर होती. वर पाळ्यांचं कोष्टक काढून जोडलं.

"तिच्या मागे लागतील ते."

"तिच्या मागे कशाला लागतील? तिचा जबाबदारीचा विमा आहे, तिच्या चुकीने कुणाला लागलं तर तो भरतो. मीच घ्यायला लावला होता. एक कचेरी दुसऱ्या कचेरीला पत्र लिहील. आपल्याला काय त्याचं? दहा जणांना मी हेच समजावलंय, कुणाचंही वाकडं झालेलं नाही."

तिचं म्हणणं मला पटलं. पाकिटावर तिकीट मीच चिकटवलं आणि टपालपेटीत मीच टाकलं. म्हणून सगळा दोष मी तिच्या अंगावर ढकलत नाही.

तीन आठवड्यांनी लोरेकडे पत्र आलं, आणि पत्रामागून तिच्या जबाबदारीच्या विम्याचा माणूस. लोरेने मला बसवून घेतलं होतं. सभ्य पोरगा होता, गळ्यात मफलर, मांडीवर वही.

"मी खडी टाकली होती," लोरे म्हणाली. "मी कायम टाकते. कॉफी घेणार?"

"घेतली, थँक्यू. त्या मंगळवारी किती वाजता टाकलीत?"

"कुठल्या मंगळवारी? हे बघा, गॅसचा मीटर तळघरात आहे, मी तुमच्या माणसाला मागेच सांगितलंय. कॉफी घेणार?"

पोराने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. "घरचं कुणी आहे का तुमचं, ज्यांच्याशी बोलता येईल?" त्याने हळूच विचारलं, आणि लोरेने मोठ्या अभिमानाने व्होल्करचा नंबर दिला. तो मात्र तिला पाठ होता.

त्याच संध्याकाळी माझा फोन वाजला. "क्नापकाका, खरं सांगा. आईचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुझ्या-माझ्या इतकं आहे."

"चेष्टा नको, काका. ते लोक डॉक्टरचा दाखला मागतायत, तिची मनःस्थिती कशी आहे त्याचा. मार्चअखेरीस मी येतोय. तपासणीची वेळ घेतलीय. आणि तिकडची जागा त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलीय, फार दिवस ठेवणार नाहीत."

हे मी ट्राउडलला सांगितलं तेव्हा ती चालायला शिकवतात त्या दवाखान्यात होती, दोन कुबड्यांवर. दुसऱ्याच दिवशी तिने वकीलबाईंना बोलावलं. कुर्त्सबाईंकडे तिने आजवर किती पडलेली माणसं पाठवली असतील, त्यामुळे बाई स्वतः आल्या. दवाखान्याच्या उपाहारगृहात आम्ही तिघं बसलो.

"ऐझेलेबाई, तुमची केस इतकी स्वच्छ आहे की मी शिकाऊ पोरांना दाखवीन," कुर्त्सबाई म्हणाल्या. "वेळ सातनंतरची, खडी नाही, साक्षीदार आहे, बूट चांगले. मोठी भरपाई मिळेल. तुमचा पाय दोन बोटं आखूड राहणार आहे. तीन मजले चढणार कशा? या पैशांतून लिफ्ट असलेलं घर बघा."

"आणि लोरे?"

"त्यांचा विमा म्हणणार, आमच्या बाई भ्रमिष्ट आहेत. ज्याला आपण काय करतोय हे कळत नाही, त्याच्यावर दोष येत नाही. दोष नाही तर भरपाई नाही. म्हणून त्यांना दाखला हवाय. आपण म्हणणार, छे, बाई शहाण्या आहेत, नुसत्या हलगर्जी. मग डॉक्टर तपासणार. दोनच रस्ते आहेत. एक तर त्या दोषी, नाही तर त्यांचं डोकं ठिकाणावर नाही."

"आणि डोक्याचं कागदावर आलं की व्होल्कर तिला नेणार."

"तो कौटुंबिक प्रश्न झाला."

"मी माझी भरपाई मागितलीच नाही तर?"

"तुमची सोडाल. पण तुमच्या ऑपरेशनचा खर्च आजारपणाच्या विम्याने केलाय, तो ते ब्रॉडबेकबाईंच्या विम्याकडून मागणारच. तुम्ही नाव लिहून दिलंय. ते आता तुमच्या हातात नाही."

ट्राउडल बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होती. "तिसरा रस्ता नाहीच?"

"तिसरा? त्या दिवशी जबाबदारी त्यांची नसती, तर. म्हणजे कुणाशी आठवड्याची अदलाबदल झाली असती, तर."

"झाली होती," ट्राउडल म्हणाली. "माझ्याशी."

कुर्त्सबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही कोष्टक काढून जोडलंय, बाई."

"भूल उतरली नव्हती."

"नवव्या दिवशी?"

"माझं वय बघा."

"नीट ऐका. आठवडा तुमचा असेल, तर खडी तुम्ही टाकायची होती, आणि तुमच्याच चुकीने तुम्ही पडलात. मग घरमालक नाही, शेजारीण नाही, कुणाकडेच काही मागता येणार नाही. एकदा लिहून दिलं की परत फिरवता येत नाही. आणि पाटी तुमच्या दारावर होती, हे पाहिलं कुणी?"

ट्राउडलने माझ्याकडे पाहिलं. मी त्या बाईला पस्तीस वर्षं ओळखतो. ट्राममध्ये तिकीट तपासणारा आला नाही म्हणून घरी येऊन वापरलेलं तिकीट फाडून टाकणारी बाई ती, पुन्हा चुकून वापरलं जाऊ नये म्हणून. ती मला खोटं बोलायला सांगत होती. मला उठून पळावंसं वाटलं.

"मी पाहिली," मी म्हणालो.

कुर्त्सबाईंनी पेन पुन्हा उचललं. "मला तुमच्याकडून पहिल्यांदा हेच ऐकायला मिळालं, असं मी समजते," त्या म्हणाल्या. "लिहून द्या दोघं."

त्या गेल्यावर मी भडकलो. "डोकं फिरलंय तुझं! जन्मभर लोकांना हक्क मागायला लावलंस, आणि स्वतःचा पाय मोडला तर कचऱ्यात? जिना चढताना मला हाक मारू नकोस!"

"सोमवारी मला माहीत होतं, ऑयगेन." ती रडत होती. तिला रडताना मी ओटोच्या वेळीही पाहिलं नव्हतं. "मला माहीत होतं की ती विसरणार. मंगळवारी सकाळी सहाला मी जागी होते. ऐकत होते, तिचं दार वाजतंय का. नाही वाजलं. आणि मी रागाने पडून राहिले. मला तिला दाखवून द्यायचं होतं. मग कुणाचा होता तो आठवडा, सांग ना?"

तिने कागदावर सही केली, तीही तिच्या नेहमीच्या शाळकरी अक्षरात. मग म्हणाली, "आता कुठल्या तोंडाने सांगू कुणाला नियम पाळा म्हणून?" त्यानंतर तिने महापालिकेला एकही पत्र लिहिलं नाही. आमच्या रस्त्यावर एक फरशी अजून हलते. मी रोज तिच्यावरून जातो.

लोरेला सांगायचं काम माझ्याकडे आलं. "पत्र चुकून आलं होतं. तो आठवडा ट्राउडलचा होता. पाटी तिच्याकडे होती." पहिल्या दिवशी तिने नुसतं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, मी पुन्हा सांगितलं. चौथ्या दिवशी तीच मला सांगायला लागली, आणि चांगलंच रंगवून सांगायला लागली.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी ट्राउडल घरी आली. नेमका त्याच दिवशी व्होल्करही सकाळच्या गाडीने आलेला. मी तिची बॅग घेऊन मागे होतो आणि ती एक हात कठड्यावर, एक कुबडीवर, अशी पायरी पायरी चढत होती. पहिल्या मजल्यावर दम घ्यायला थांबली, तेवढ्यात लोरेचं दार उघडलं.

"आलीस का!" लोरे ताठ उभी होती, इस्त्रीचा पोशाख, व्होल्कर तिच्या मागे. "बघ व्होल्कर, ही बघ! गावभर लोकांच्या फरशा मोजत फिरली. खडू घेऊन! आणि स्वतःच्या आठवड्यात मूठभर खडी टाकता आली नाही. पडली तर पडली, वर नाव कुणाचं लिहून दिलं? माझं! चाळीस वर्षं एक आठवडा चुकवला नाही मी. एक नाही!"

वरच्या मजल्यावरचं जोडपं कठड्यावरून वाकून बघत होतं. मी ट्राउडलच्या पाठीमागे होतो, मला तिचा चेहरा दिसत नव्हता.

"चुकलं माझं, लोरे," ती म्हणाली.

"मोठ्याने बोल. परवा खाली सगळे मलाच विचारत होते."

"चुकलं माझं. आठवडा माझा होता."

व्होल्करने आईच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता, आणि त्याला लाजही वाटत होती. "ट्राउडलमावशी, तब्येत सांभाळा," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तिला किती त्रास झाला यात."

"हो रे, बाळा," ट्राउडल म्हणाली.

उरलेल्या पायऱ्या चढायला तिला वीस मिनिटं लागली. मी तोंड उघडायला गेलो की ती नुसतीच मान हलवायची. संध्याकाळी व्होल्कर माझ्याकडे बिअर प्यायला आला आणि हसून म्हणाला, "आईचं डोकं तर माझ्यापेक्षा तल्लख आहे, काका. तारखा, वेळा, कुणाचा आठवडा, सगळं लक्षात. विम्याने फाइल बंद केलीय, मीही तपासणी रद्द केली. उगाच घाबरलो." सोमवारी तो हांबुर्गला परत गेला.

लोरे आणखी दोन हिवाळे तिच्या घरात राहिली. दोन हिवाळे ट्राउडल रोज सकाळी उलटी, कठडा धरून, जिना उतरायची. तिला न्हाऊ घालायची, भरवायची, रविवारी फोनपाशी बसून चिठ्ठ्या लिहायची. लोरेच्या दारावर पाटी आली, की तो आठवडा मी करायचो. लोरेच्या आठवणीतून आधी मंगळवार गेला. मग ओटो. मग स्वतःचा नवरा. फोनवरचा व्होल्कर कोण हे तिला कळेनासं झालं, तेव्हा ट्राउडल तिचा घसा बसलाय असं सांगून स्वतःच बोलायची. मला लोरे 'बाबा' म्हणू लागली. एवढं सगळं गेलं, पण जी गोष्ट मी तिच्या डोक्यात चार दिवस घातली होती, ती मात्र गेली नाही.

"सांगून टाक तिला," मी ट्राउडलला कितीदा म्हणालो. "आता कुणाचं काय बिघडणार आहे?"

"आणि तिला काय मिळणार आहे?" ती म्हणायची.

शेवटच्या जानेवारीत मी त्यांच्याकडे कोळसा पोचवायला गेलो होतो. लोरे पलंगावर उशांना टेकून बसली होती आणि ट्राउडल तिला रव्याची खीर भरवत होती, दुखरा पाय स्टुलावर लांब करून. लोरेने तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तुम्ही फार चांगल्या आहात हो," ती म्हणाली. "रोज येता. मला एक वचन द्या. वरच्या मजल्यावर एक बाई राहते. तिला आत येऊ देऊ नका."

"का बरं?" ट्राउडलने विचारलं.

"तिने खडी टाकली नव्हती. आणि माझी एक मैत्रीण होती, ती तिथे पडली. नंतर ती कधी आलीच नाही."

ट्राउडलने चमचा वाटीत ठेवला. रुमालाने लोरेची हनुवटी पुसली.

"नाही येऊ देणार," ती म्हणाली, आणि लोरेने समाधानाने पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.